गोरज मुहूर्ताआधीचा उजेड

या घटनाक्रमातल्या वेळा आठवणीतून काढलेल्या नाहीत. फोटो कोणत्या सेकंदाला निघाला, शटर किती वेळ उघडं होतं, अ‍ॅपर्चर केवढं होतं, आयएसओ किती होता, हे कॅमेऱ्यातली प्रत्येक फाइल स्वतःबरोबर लिहून ठेवते. या आकड्यांवरून त्या क्षणी तिथे उजेड किती होता ते काढता येतं. त्या दिवशी आमच्याकडे फोटोचे दोन कॅमेरे, व्हिडिओचा एक आणि एक ड्रोन होता. सगळ्यांची घड्याळं सकाळीच जुळवलेली होती. ती जुळली नाहीत तर अल्बम लावताना अक्षता आधी आणि हळद नंतर येते. पुढे जो तो 'अचानक झालं, अचानक झालं' म्हणायला लागला, तेव्हा मी त्या सगळ्या फाइली वेळेप्रमाणे ओळीने लावून बघितल्या. अचानक असं काही सापडलं नाही. आभाळ पाच तास सांगत होतं.

गाव खंडाळा. लोणावळ्याजवळचा नव्हे, सातारा जिल्ह्यातला. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खंबाटकी घाट चढायच्या आधी लागतो तो. महाबळेश्वर इथून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि आमचा तालुका मात्र पर्जन्यछायेत. ऐन आषाढातही ढग डोक्यावरून पळत पूर्वेला निघून जातात. त्यामुळे लग्नात पाऊस आला तर इथे कुणी कपाळाला हात लावत नाही. चार थेंब पडले की म्हातारी माणसं समाधानाने वर बघतात.

पण २०२५चा मे महिना वेगळा होता. निम्मा महिना सरला आणि राज्यात जवळजवळ रोज कुठे ना कुठे वळीव कोसळायला लागला. २५ मेला मान्सूनच तळकोकणात आला आणि २६ला मुंबईत. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची आधीची नोंद नाही. त्याच सुमारास फलटण-बारामतीकडे पाण्याने हाहाकार केला, वीर धरणावरून निघणारा निरा डावा कालवा बारामतीजवळ फुटला. मी सांगतो आहे ते लग्न त्याच्या आदल्या आठवड्यातलं. गोरज मुहूर्त, ६ वाजून ४२ मिनिटं.

सकाळी ९.१५

रिकाम्या लॉनचे फोटो. हे कुणी अल्बममध्ये घेत नाही, तरी मी काढतो, कारण संध्याकाळी उजेड कुठून येणार ते त्यावरून ठरवता येतं. या फोटोंमध्ये सगळं दिसतं. पश्चिमेला स्टेज, त्याच्या मागे लोखंडी ट्रसवर ताणलेला चाळीस फूट रुंद, अठरा फूट उंच कापडी पडदा, त्यावर फुलांची सजावट. स्टेजच्या उजव्या हाताला एलईडी वॉल, स्वतंत्र स्टँडवर. बसायच्या जागेवर पाइपांचा मंडप, वर झालर आणि तिच्यावर ताडपत्री. उन्हं उतरल्यावर पाहुण्यांच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या बाजू कनातींनी खालपर्यंत आवळून बंद केलेल्या. पूर्वेची बाजू, लोणंदकडची, मात्र सताड उघडी. तिथून लोक आत येणार होते.

एका फोटोत मंडपवाल्याचा पोरगा खुंटी ठोकतो आहे. पुढच्या फोटोत खुंटी निम्मी आत, त्याच्या पुढच्यात पूर्ण आत. तिन्ही फोटोंच्या वेळांत मिळून अकरा सेकंदांचं अंतर आहे. आमच्याकडच्या घट्ट जमिनीत खुंटी अशी सुखाने जात नाही, घण उडून परत येतो. हे लॉन म्हणजे शेताच्या तुकड्यावर मुरूम टाकून, वर गवत लावून केलेलं. आदल्या रात्रीच्या सरीने मुरूम आतपर्यंत भिजला होता.

दुपारी १२.४०

हळदीचे फोटो. पहिल्या काही फाइली पांढुरक्या, धुरकट आहेत. एसी गाडीतून काढलेल्या लेन्सवर धुकं धरलं होतं. कोरड्या मे महिन्यात खंडाळ्यात असं होत नाही. थंड काचेवर पाणी धरतं, याचा अर्थ हवेत वाफ दाबून भरली आहे. लेन्स पुसू नये, तशीच उघड्यावर ठेवावी, काच बाहेरच्या हवेइतकी तापली की धुकं आपोआप जातं. त्या दिवशी त्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. नवरीची मेकअपवाली मुलगी वैतागून म्हणाली, "दादा, बेसच बसत नाही, सारखा घाम येतोय." तिची तक्रार आणि माझी तक्रार एकच होती.

मांढरदेवच्या डोंगरावर तेव्हाच ढग उभे राहायला लागले होते. तो डोंगर आम्हाला काळूबाईमुळे माहीत. तिथेच पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने ढगांच्या अभ्यासासाठी रडार बसवलं, हे गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. या घाटमाथ्यावर ढग कसे वाढतात, पाणी कुठे टाकतात, यावर त्या रडारच्या नोंदींवरून संशोधन झालं आहे. पश्चिमेकडून येणारं दमट वारं आणि बंगालच्या उपसागराकडून पूर्वेने आलेली ओल, खाली तापलेलं पठार. मे महिन्यातल्या वळवाला एवढा शिधा पुरतो. दुपारी ढग उभा राहतो आणि संध्याकाळी, नेमक्या गोरज मुहूर्ताच्या सुमाराला, रिकामा होतो.

दुपारी २.२०

वऱ्हाड आलं. साताऱ्याच्या बाजूचं असल्यामुळे बोगद्यातून आलं, घाट चढावा लागला नाही. पाय धुणं, ओवाळणं, करवल्यांचे फोटो. कडक ऊन, एफ/४, आयएसओ १००, शटर १/१६००. उजेडात काही खोट नाही.

दुपारी ३.५०

नवरीच्या थोरल्या चुलत्यांनी, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मला खुर्चीपाशी बोलावलं आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. पुण्यातल्या वानवडीचा, २० मेचा. त्या संध्याकाळी एका लॉनवर हिंदू लग्न मुहूर्ताला टेकलेलं असताना पाऊस कोसळला. शेजारच्या बंद हॉलमध्ये एका मुस्लिम कुटुंबाचा वलीमा चालू होता. त्यांनी आपलं स्टेज मोकळं करून दिलं, तिथे विधी पार पडले, आणि दोन्ही जोडप्यांचा एकत्र फोटो निघाला. तो तेव्हा सगळ्या महाराष्ट्राच्या मोबाइलमध्ये फिरत होता.

"किती चांगली माणसं बगा," अण्णा म्हणाले. मग थोडं थांबून, "पर आपल्याकडं आला तर शेजारी हॉल कुठाय?"

मी त्यांच्याबरोबर चालत जाऊन जागा बघितली. लॉनपासून हाकेच्या अंतरावर भैरवनाथाचं देऊळ, त्याला दगडी खांबांचा सभामंडप. दोन-अडीचशे माणूस दाटीने उभं राहील. शेजारी शाळेची इमारत, पण तिची किल्ली शिपायाकडे. अण्णांनी लगेच एका पुतण्याला किल्ली आणायला पिटाळलं. त्या दिवसात जी काही शहाणपणाची कामं झाली, त्यात हे पहिलं. ते पुण्याच्या त्या फोटोमुळे झालं, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. एखादा फोटो माणसाला हलवतो म्हणतात तो असा.

४.३५

आमचा ड्रोन चालवणारा पोरगा वरातीची तालीम टिपत होता. साठ मीटरवर असताना स्क्रीनवर जोराच्या वाऱ्याचा इशारा आला. खाली गवताचं पातं हलत नव्हतं. व्हिडिओत नीट दिसतं, ड्रोन एका जागी उभा राहण्यासाठी पूर्वेकडे तोंड वाकवून धडपडतो आहे. त्याने शहाणपणा केला आणि यंत्र उतरवून पेटीत घातलं. नवरदेवाचे मित्र नाराज झाले. "पैसे दिलेत ना ड्रोनचे?" एकाने विचारलंही.

त्याच व्हिडिओच्या शेवटच्या काही सेकंदांत कॅमेरा फिरताना लोणंदच्या बाजूचं क्षितिज ओझरतं येऊन जातं. तिथे ढगाचा माथा सपाट झालेला आहे, ऐरणीसारखा. ढग वाढत वाढत इतका वर गेला की पुढे जायला जागा उरली नाही, म्हणून आडवा पसरला. असा माथा दिसला की खाली गडगडाट ठरलेला.

५.०८

दामिनी अ‍ॅप वाजलं. हे अ‍ॅपही आयआयटीएमचंच. आपल्यापासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सांगतं. माझ्या मोबाइलमध्ये ते आहे, आणि उघड्यावर काम करणाऱ्या प्रत्येक फोटोवाल्याच्या, मंडपवाल्याच्या, आचाऱ्याच्या मोबाइलमध्ये असावं असं मी सांगत फिरतो. इशारा चाळीसच्या वर्तुळाचा होता.

यानंतर मोबाइलची गरज राहिली नाही. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तिनाने भागायचे, किलोमीटर मिळतात. पहिल्यांदा मोजले तेव्हा आवाज इतका बारीक होता की सनईत मिसळला. पण तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला म्हणजे वीज दहा किलोमीटरवर आहे, आणि तेवढ्या अंतरावरून ती आपल्यावरही पडू शकते. उघड्या लॉनवर अठरा फुटी लोखंडी ट्रसखाली उभं राहायची वेळ तिथे संपते.

५.२६

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिथे आलो.

सूर्य पश्चिमेला, मांढरदेवच्या रांगेवर, अजून दीड तास वर राहणार. तिकडचं आभाळ स्वच्छ. पूर्वेला शाईसारखा काळा ढग, अर्धं आभाळ भरून. सूर्याचा तिरपा, पिवळा उजेड लॉनवर सरळ येतो आहे आणि मागे काळी भिंत आहे. त्या उजेडात गवताचं एकेक पातं वेगळं दिसतं. पैठणीचे काठ पेटल्यासारखे दिसतात. माणसाच्या चेहऱ्यावरची कातडी आतून उजळल्यासारखी. स्टुडिओत चार दिवे लावून, मागे काळा पडदा टांगून जे साधायला तास जातो, ते आभाळ फुकट देतं, आणि पुऱ्या लॉनवर देतं. लांब लोणंदच्या रस्त्यावर इंद्रधनुष्याचा एक तुकडाही होता.

फोटोग्राफीत या उजेडाचं फार कौतुक आहे. स्पर्धेत पारितोषिकं याच उजेडाला मिळतात. आमच्या धंद्यात शिकवलं जातं की असा उजेड आला तर हातातलं काम टाक आणि धाव. मलाही तो प्रिय आहे, आजही आहे. पण हा उजेड होतो कशामुळे? वादळाचा ढग सूर्याच्या समोरच्या बाजूने येतो आहे आणि अजून सूर्यापर्यंत पोचला नाही, म्हणून. ढग आणि आपण यांच्यात उरलेल्या वेळेचंच ते रूप आहे. वळवाचा ढग ताशी तीस-चाळीस किलोमीटरने सरकत असेल आणि इंद्रधनुष्य दाखवणारी सर दहा किलोमीटरवर असेल, तर हातात पंधरा-वीस मिनिटं असतात. दिसायला सगळ्यात सुंदर असलेली ही पंधरा मिनिटंच सगळ्यात धोक्याची, आणि नेमक्या त्याच वेळी प्रत्येक माणूस उघड्यावर येतो.

तसंच झालं. नवरीच्या मैत्रिणी तिला खोलीतून ओढत बाहेर घेऊन आल्या. "दादा, लाइट बघा ना काय आहे! पटकन दोन काढा." नवरदेवाचे मित्र त्याला खांद्यावर घेऊन लॉनच्या मध्यावर. सातशे पानांचा स्वयंपाक होता, त्यातली चारशे माणसं तरी आलेली. जो तो मोबाइल काढून काळ्या आभाळापुढे उभा. माझा दुसरा कॅमेरावाला स्टेजकडून पळत आला.

५.२६.४०ची फाइल आहे माझ्याकडे. एफ/४, आयएसओ १००, १/१०००. नवरी हसत पदर सावरते आहे, मागे तो ढग. त्यानंतर माझ्या कॅमेऱ्यात तिचा पुढचा फोटो रात्री आठनंतरचा आहे.

५.२७

मी कॅमेरा गळ्यात सोडला आणि तिला म्हणालो, "ताई, आत चला. आत्ता नाही." मैत्रिणींना राग आला. साहजिक होतं. त्यांना दिसत होता तो उजेड खराच होता.

लग्नात फोटोवाल्याच्या शब्दाला किंमत फार थोडी. 'इकडं बघा', 'जवळ या', 'हात खांद्यावर ठेवा' एवढ्यापुरतं लोक त्याचं ऐकतात. पण सगळ्या मांडवात आभाळाकडे दिवसभर बघत असलेला तोच एक माणूस असतो. भटजी घड्याळाकडे बघतात, आचारी चुलीकडे, यजमान दाराकडे. आभाळ बघणं हे फक्त त्याचं काम आहे, म्हणून बोलायची पाळीही त्याचीच.

मी अण्णांपाशी गेलो. "अण्णा, वीस मिनिटं पण नाहीत. माणसं देवळात आणि शाळेत घाला. जनरेटर बंद करायला सांगा."

"पाऊस तर येऊ दे की वो. आत्तापसनं हलवलं तर मुहूर्त चुकंल."

"पावसाची काळजी नाही अण्णा. वाऱ्याची आहे."

मंडपवाला शेजारीच होता. त्याने ट्रसला हात लावून सांगितलं की पक्कं आहे, दहा वर्षांत कधी पडला नाही. मी त्याला पूर्वेची उघडी बाजू आणि पश्चिमेची आवळलेली बाजू दाखवली. वारा आत शिरणार, बाहेर पडायला वाट नाही. साठ किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर सतरा किलोच्या आसपास दाब देतो. स्टेजमागचा पडदा सत्तर चौरस मीटरला थोडा कमी. म्हणजे नुसत्या त्या पडद्यावर एक टनाच्या वर जोर, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. हे आकडे मी त्या वेळी बोललो नाही, तेवढी उसंत नव्हती. "मागच्या कनाती सोडा," एवढंच म्हणालो.

त्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी आभाळाकडे पाहिलं. मग त्यांनी माइक मागितला.

५.३४

व्हिडिओत अण्णांचा आवाज आहे. "मंडळी, ऐका. बाया-पोरं आन म्हातारी माणसं भैरोबाच्या देवळात. बाकीच्यांनी शाळेत. जेवायची काळजी करू नका, पंगत तिथंच वाढू." नवरदेवाच्या बाजूचे काही लोक कुरकुरले. मानपानाचा प्रश्न होता. वरपक्षाला शाळेच्या वर्गात बसवायचं म्हणजे काय. पण नवरदेवाची आजी काठी टेकत सगळ्यांच्या पुढे देवळाकडे निघाली आणि मग कुणी काही बोललं नाही.

मंडपवाल्याच्या माणसांनी पश्चिमेच्या पाच कनाती सोडल्या. बारा होत्या.

५.४१

वास आला. ओल्या मातीचा, गार. लोक खुश झाले, कुणी तरी टाळ्या वाजवल्या.

हा वास पावसाच्या आधी येतो, कारण लांब कोसळणाऱ्या सरीबरोबर वरची गार, जड हवा खाली आपटते आणि जमिनीवरून चहूबाजूंना धावत सुटते. भिजलेल्या मातीचा वास तीच घेऊन येते. वास आला याचा अर्थ त्या हवेचं तोंड आपल्यापाशी पोचलं, आणि तिचा मुख्य लोट मागून येतो आहे. माझ्या फाइलीत याच मिनिटाला उजेड कोसळतो. अ‍ॅपर्चर तेच, आयएसओ तेच, शटर १/१००० वरून १/६० वर. पंधरा मिनिटांत उजेड सोळा पटीने घटला. डोळ्याला तो एवढा घटलेला कळत नाही, डोळा जुळवून घेतो. यंत्र जुळवून घेत नाही, आकडा लिहून ठेवतं.

लॉनवर आता शंभरएक माणसं. बहुतेक तरणी पोरं, मंडपाची आणि केटरिंगची माणसं, आम्ही.

५.४४

जनरेटर बंद झाला. एलईडी वॉल काळी पडली, सनई तुटली.

याचं महत्त्व सांगितलं पाहिजे. लॉनवरच्या केबली गवतातून टाकलेल्या असतात, जोडांवर नुसती टेप. पाणी साचलं की तोच जोड पाण्यात. आणि जनरेटरला अर्थिंग कुठे दिलं आहे, गळती झाली तर वीज तोडणारा ईएलसीबी बसवला आहे का, हे लग्नघरचा माणूस कधी विचारत नाही. तीस मिलिअँपिअरची गळती झाली की तो ब्रेकर क्षणात वीज तोडतो. नसला तर लोखंडी पाइपांचा सगळा मंडपच जिवंत होऊ शकतो. मंडप उभारणीच्या खर्चात या ब्रेकरची किंमत झालरीच्या फुलांइतकीही नसते.

५.४७

वारा. व्हिडिओचा कॅमेरा स्टँडवर चालू राहिला होता, तो देवळाच्या पायरीवर आणला होता, म्हणून पुढचं सगळं त्यात आहे. आधी झालर एकदम वर उचलली गेली, मग ताडपत्री फुगली. पूर्वेच्या पाइपांचे पाय जमिनीवरून उठले आणि परत टेकले. खुर्च्या घरंगळत पश्चिमेला गेल्या. मोकळ्या पाच कनाती जोरात फडफडत होत्या, उरलेल्या सात तटतटलेल्या.

याच वेळी एलईडी वॉलवरचा पोरगा, विशीतला, देवळाच्या पायऱ्या उतरून परत लॉनकडे पळाला. त्याचा लॅपटॉप आणि कंट्रोलरची पेटी स्टेजखाली राहिली होती. मालकाचं सामान. त्याला तिघांनी हाका मारल्या.

५.४९

उत्तरेच्या कोपऱ्यातली खुंटी उपटली. मग तिच्या शेजारची. मुरूम त्यांना धरूच शकला नाही. दोर सुटल्यावर मागचा पडदा ट्रससकट पश्चिमेला कलला, क्षणभर तसाच अडकला, आणि वारा थबकताच उलट पुढे, स्टेजवर आला. एलईडी वॉलचा स्टँड त्याच्याखाली. हे सगळं सहा सेकंदांत. त्यानंतर गारांसकट पाऊस सुरू झाला आणि व्हिडिओत काही दिसेनासं झालं, नुसता आवाज आहे. बायकांचा, पोरांचा, आणि एक माणूस सारखा एकच नाव घेऊन ओरडतो आहे.

स्टेजवर त्या वेळी अंतरपाट, पाट, अक्षतांची ताटं आणि दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. मुहूर्ताला त्रेपन्न मिनिटं बाकी. एरवी या वेळी तिथे करवल्या, लहान पोरं आणि मान म्हणून पुढच्या सोफ्यांवर बसवलेली म्हातारी माणसं असतात.

५.५१ ते ६.२५

या वेळेतली माझी एकही फाइल नाही. मंडपवाला, त्याची चार माणसं, नवरदेवाचे तेच मित्र, माझा दुसरा कॅमेरावाला, मी, असे दहा-बारा जण पाइप उचलत होतो. पोरगा स्टेजच्या कडेला होता. स्टेजच्या फळ्यांनी ट्रसचा भार थोडा वर तोलला म्हणून डोकं आणि छाती वाचली. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता. वीज बंद होती म्हणून आम्ही त्या ओल्या लोखंडाला हात घालू शकलो. ती चालू असती तर त्याला काढायला जाणाराही गेला असता. १०८ला फोन लावला, पण हायवेला पाणी साचून गाड्या तुंबल्या होत्या, म्हणून नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीतच त्याला नेलं. मागच्या सीटवर त्याचं डोकं नवरदेवाच्या धाकट्या भावाच्या मांडीवर होतं.

अशा संध्याकाळी या देशात दुसऱ्या तऱ्हेनेही संपलेल्या आहेत. १० मे २०१७ला राजस्थानात भरतपूरला वादळात लग्नाच्या जागेची भिंत पडून वीसहून अधिक वऱ्हाडी गेले. ९ एप्रिल २०२३ला अकोला जिल्ह्यात पारसला वादळी पावसापासून बचावासाठी लोक टिनाच्या शेडखाली थांबले, शेडवर झाड कोसळलं, सात जणांचा जीव गेला. १३ मे २०२४ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, सतरा माणसं गेली. तिन्ही वेळा मान्सून यायचा होता. पावसाळ्याची तयारी आपण जूनमध्ये करतो, आणि वारा एप्रिल-मेमध्ये माणसं मारतो.

६.४२

मुहूर्त. सभामंडपात उभं राहायला जागा नव्हती. पाऊस तसाच. भटजींनी कुणाला काही विचारलं नाही, घड्याळही बघितलं नाही. नवरीच्या आईने त्या पोराच्या आईला फोन लावला आणि स्वतः बोलली. तिचं बोलणं मी इथे लिहीत नाही, ते त्या दोघींचं.

८.०५

दवाखान्यातून फोन आला, पोरगा शुद्धीवर आहे, साताऱ्याला नेतोय, पाय वाचेल. मग अण्णा म्हणाले, "लावा आता."

वीज पुऱ्या गावाची गेलेली. देवळातल्या दोन समया, पंचवीस-तीस मोबाइलचे टॉर्च, आणि दारात उभ्या केलेल्या जीपचे हेडलाइट. फ्लॅश मी लावला नाही. दाराच्या बाजूने पाऊस आत येत होता आणि फ्लॅशचा उजेड थेंबांवर आपटून पांढरे ठिपके चेहऱ्यांवर आले असते. आयएसओ ६४००, एफ/१.८, शटर १/६०. हेडलाइट मागून येत असल्यामुळे थेंबांच्या उभ्या रेघा दिसतात आणि त्यांच्या पुढे अंतरपाट धरलेले दोन मामा. एकाच्या सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत फाटलेली आहे, ट्रस उचलताना फाटली होती. मंगलाष्टका माइकशिवाय म्हटल्या गेल्या. अक्षता उरल्या नव्हत्या, त्यांची ताटं पडलेल्या ट्रसखाली, म्हणून आचाऱ्याने कोरडे तांदूळ हळदीत चोळून आणले.

कार्डं मी दोन्ही स्लॉटमध्ये घातलेली होती, एकाच वेळी दोन प्रती. एक कॅमेरा पावसात गेला. त्याची बॅटरी काढून, तो सुरू न करता, सिलिका जेलच्या डब्यात आठवडाभर ठेवला. तरी वाचला नाही. फोटो सगळे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी

मंडपवाला आणि मी लॉनवर खुंट्या मोजत फिरलो. उपटलेल्या सगळ्या खुंट्या दीड फुटी होत्या आणि सरळ उभ्या ठोकलेल्या. मंडपापासून बाहेरच्या बाजूला कललेली खुंटी जास्त धरते, हे त्यालाही माहीत होतं. घाईत पोरांनी उभ्या ठोकल्या. ज्या पाच कनाती सोडल्या होत्या, त्या बाजूचे पाइप मात्र जागेवर होते, फक्त वाकलेले. तो बराच वेळ त्या पाइपांपाशी बसून राहिला. मग त्याने मला विचारलं की पश्चिमेचं ऊन पण अडलं पाहिजे आणि वारा पण गेला पाहिजे, तर काय करावं. कनातीऐवजी शेतातली हिरवी शेडनेट लावावी, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. उन्हाला आड होते, वारा बऱ्यापैकी जाऊ देते. दिसायला चांगली नाही, फुलांच्या माळा सोडून झाकता येते. खुंट्या तीन फुटी, आणि मुरमाच्या जागेवर खुंट्यांऐवजी पाण्याने भरलेले पिंप बांधायचे. एका पिंपात दोनशे लिटर, म्हणजे दोनशे किलो.

अल्बम पोचवायला गेलो तेव्हा नवरीने ५.२६चा तो फोटो मोठा करून मागितला. मी तिला तो दिला, आणि त्याच्या खाली वेळ छापून दिली. त्या पोराच्या पायात सळई आहे. दवाखान्याचा निम्मा खर्च मंडपवाल्याने आणि निम्मा दोन्ही घरांनी मिळून केला, त्याच्या मालकाने लॅपटॉपचे पैसे कापले नाहीत. तो पुन्हा एलईडी वॉलच्याच कामावर आहे. माझ्या बुकिंगच्या कागदावर आता एक ओळ वाढली आहे : एप्रिल ते जून, दुपारी चारनंतरचं उघड्यावरचं लग्न असेल तर पाच मिनिटांच्या अंतरावर पक्क्या छपराची जागा उघडी ठेवावी, तिची किल्ली कुणाकडे आहे त्याचं नाव इथे लिहावं. काही यजमान ती ओळ वाचून हसतात. मी नाव लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम घेत नाही.